तुरिनचे इजिप्शियन संग्रहालय : राजांपेक्षा कारागिरांसाठी पाहावे असे

आडवाट (धागाकर्ता)

मिलानला कामानिमित्त किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींचा मोकळा दिवस बहुधा कोमो सरोवरावर किंवा व्हेनिसच्या धावत्या फेरीत जातो. वेगवान रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेल्या तुरिनकडे फारसे कोणी वळत नाही, आणि जे वळतात तेही मोटारींचे किंवा फुटबॉलचे गाव म्हणून. याच गावात १८२४ साली स्थापन झालेले, केवळ प्राचीन इजिप्तला वाहिलेले संग्रहालय आहे. त्याच्याकडे सुमारे ४०,००० वस्तू आहेत. लंडन आणि पॅरिस येथील संग्रहालयांत इजिप्त हा अनेक दालनांपैकी एक विभाग असतो. येथे आत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत दुसरा विषयच नाही.

संग्रहाचा उगम थोडक्यात सांगतो. बेर्नार्दिनो द्रोवेत्ती हा मूळचा याच पिएमोंते प्रांतातला गृहस्थ नेपोलियनच्या काळात फ्रान्सचा वकील म्हणून इजिप्तमध्ये गेला आणि तेथील शासक मुहंमद अली पाशाच्या मर्जीतला झाल्यामुळे त्याने पुराणवस्तूंचा प्रचंड साठा जमवला. फ्रान्सने तो घेतला नाही; तुरिन ही ज्याची राजधानी, त्या सार्डिनिया राज्याचा राजा कार्लो फेलिचे याने घेतला. त्याच वर्षी, म्हणजे १८२४ मध्ये, फ्रेंच विद्वान शांपोलियाँ तुरिनला येऊन दाखल झाला. चित्रलिपीचा उलगडा जाहीर करून त्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि आपली रीत खरी ठरते की नाही हे तपासायला त्याला इतके लेख एका ठिकाणी दुसरीकडे कुठे मिळणार होते? 'मेम्फिस आणि थीब्जचा रस्ता तुरिनवरून जातो' हे त्याच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य संग्रहालय आजही अभिमानाने मिरवते.

बहुतेक पाहुणे राजांच्या दालनात अधिक वेळ घालवतात आणि त्यात गैर काही नाही. तेथील दुसऱ्या रामसेसचा बसलेला काळसर पुतळा खरोखरच अप्रतिम आहे. चुणीदार झिरझिरीत वस्त्र दगडात उतरवले आहे, पायांशी राणी आणि राजपुत्र लहान आकारात कोरले आहेत आणि पादत्राणांखाली शत्रूंची खूण म्हणून नऊ धनुष्ये आहेत. पण राजांचे पुतळे कैरोतही आहेत, लंडनमध्येही आहेत. तुरिनचे वेगळेपण वरच्या मजल्यांवर, देर अल-मदिनाच्या विभागात आहे, असे माझे मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

देर अल-मदिना हे नाईलच्या पश्चिम तीरावरील, आजच्या लक्झरसमोरच्या डोंगरकपारीतले कारागिरांचे गाव. राजांच्या दरीतील थडगी खोदणारे, रंगवणारे आणि त्यांचा हिशेब ठेवणारे लोक तेथे राहत. एर्नेस्तो स्कियापारेल्ली या तुरिनच्याच संचालकाने १९०३ पासून इजिप्तमध्ये उत्खननाच्या मोहिमा काढल्या आणि १९०६ मध्ये त्याच्या माणसांना या गावाजवळ खा आणि त्याची बायको मेरित यांचे थडगे सापडले. खा हा बांधकामांवरचा मुख्य देखरेखवाला. दुसरा अमेनहोतेप, चौथा थुतमोस आणि तिसरा अमेनहोतेप अशा तीन राजांच्या काळात, म्हणजे ख्रिस्तपूर्व १४०० च्या आगेमागे, तो कामावर होता. त्याचा एक कोरीव शिलापट्ट द्रोवेत्तीच्या संग्रहातून तुरिनला आधीच येऊन राहिला होता. थडग्याला मात्र चोरांचा हात लागला नव्हता. पाचशेहून अधिक वस्तू निघाल्या आणि त्यांतील बहुतेक सर्व आज एकाच दालनात मांडल्या आहेत.

या दालनात सोने फार नाही, आणि पाहण्यासारखे जे आहे ते नेमके त्यामुळेच डोळ्यांत भरते. पलंग आहेत, चादरी आहेत, वेगवेगळ्या आकारांचे पाव आहेत, लसूण, कांदे, खजूर आणि जिरे आहेत. मेरितच्या प्रसाधनाच्या पेटीत काजळाची नळी आणि कंगवा आहे, आणि खऱ्या केसांचा तिचा टोप बारीक वेण्यांसह शाबूत आहे. खाचे तागाचे सदरे आहेत आणि त्रिकोणी लंगोटांची एक चळतच आहे. कपडे धुवायला गेल्यावर सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांतील कित्येकांवर त्याची खूण घातलेली आहे. एक सोन्याने मढवलेला हातभर लांबीचा मोजदंड राजाने त्याला बक्षीस दिलेला आहे. पण त्याच्या रोजच्या वापरातला लाकडी, घडी होणारा मोजदंड चामड्याच्या म्यानासह वेगळा ठेवला आहे, आणि माझी नजर त्या साध्या दंडावरच अधिक रेंगाळली. मेरित नवऱ्याच्या आधी गेली. तिच्यासाठी शवपेटी तयार नव्हती म्हणून खाने स्वतःसाठी करवून घेतलेली शवपेटी तिला दिली. ती तिच्या देहाला मोठी होते, म्हणून रिकामी जागा कापडांनी भरलेली आहे.

आपल्यापैकी कोणी तेथे जाऊन आले असेल, तर आपली निरीक्षणे अवश्य लिहावीत.

वाळूघड्याळ

लेख आवडला. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तच्या दालनात गर्दीने इतका वैताग आला होता की पुन्हा ममींच्या वाटेला जायचे नाही असे ठरवले होते. दोन शंका आहेत. एक, सोबत दहा-बारा वर्षांची मुले असतील तर किती वेळ राखून ठेवावा? दुसरी, पाहण्याचा क्रम तेथे ठरलेला असतो की आपल्या मर्जीने फिरता येते?

आडवाट

वाळूघड्याळ, पाहण्याचा मार्ग साधारण काळाच्या क्रमाने आखलेला आहे. सरकत्या जिन्याने आधी वर जायचे आणि मग मजल्यामागून मजला उतरत राजांच्या दालनाशी यायचे. क्रम मोडता येतो, पण मोडू नये, कारण राजवंशांच्या आधीच्या काळापासून सुरुवात केली की पुढच्या वस्तू आपोआप जागेवर बसतात. माझ्या मते अर्धा दिवस हवाच. मुले असतील तर मध्ये विश्रांती घ्यावी आणि खाच्या दालनासाठी त्यांचा उत्साह शिल्लक ठेवावा. पाव, खेळाचा पट आणि लंगोट यांवर मुले जितके प्रश्न विचारतात तितके देवादिकांवर विचारत नाहीत. तिकीट आधी काढून ठेवणे बरे, कारण सुट्टीच्या दिवशी रांग मोठी असते. सोमवारी दुपारीच बंद होते, म्हणून त्या दिवशी जायचे झाल्यास वेळ आधी पाहून घ्यावी. छायाचित्रे विनाफ्लॅश काढता येतात.

मोडीवाचक

धागाकर्त्यांनी वस्तूंबद्दल भरभरून लिहिले आहे, मी कागदपत्रांची बाजू मांडतो. जुन्या दप्तरांत रमणाऱ्या माणसाने तुरिनला जावे ते तेथील पपायरसांसाठी, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांवरील लेखांसाठी. इजिप्तचे लिखाण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पक्षी, डोळे आणि सापांची चित्रलिपी येते; परंतु रोजचे हिशेब, तक्रारी, खटले आणि पत्रे हायरॅटिक नावाच्या धावत्या लिपीत लिहिली जात. बाळबोध आणि मोडी यांचे जे नाते, तेच साधारण या दोन लिप्यांचे. एकीत मंदिराची भिंत, दुसरीत कारकुनाचा हात.

तीन कागद आवर्जून पाहावेत. पहिला राजांची यादी. दुसऱ्या रामसेसच्या काळात कोणा लेखनिकाने करवसुलीच्या जुन्या कागदाची पाठकोरी बाजू वापरून देवांपासून सुरू होणारी राजांची नावे आणि त्यांच्या राज्यकाळाची वर्षे लिहून ठेवली. आज तिचे अक्षरशः तुकडे झाले आहेत आणि ते जुळवण्याचे काम शांपोलियाँपासून आजतागायत चालू आहे. इजिप्तच्या कालगणनेचा बराचसा भार या फाटक्या यादीवर आहे, हे ध्यानात ठेवून तिच्यासमोर उभे राहावे. मध्येच मोकळी सुटलेली जागा दिसते, तेथे एखादे संपूर्ण घराणे गळालेले असू शकते.

दुसरा कागद नकाशाचा. चौथ्या रामसेसच्या काळात दगड आणायला पूर्वेच्या वाळवंटातील वादी हम्मामात या दरीकडे मोहीम गेली, त्या वेळी देर अल-मदिनाचा लेखनिक अमेननख्त याने हा नकाशा काढला असे मानतात. त्यात वाटा, विहीर, सोन्याच्या खाणी आणि कामगारांची घरे दाखवली आहेत. महत्त्वाचे म्हणजे डोंगर गुलाबी आणि काळसर अशा दोन रंगांत रंगवले आहेत आणि हे रंग तेथील खडकांच्या प्रकारांशी जुळतात. म्हणून भूशास्त्रज्ञ याला जगातला सर्वांत जुना भूशास्त्रीय नकाशा म्हणतात. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाने खडकांचा फरक नजरेने ओळखून कागदावर उतरवला, हे मला पुतळ्यांपेक्षा अधिक थक्क करणारे वाटते.

तिसरा कागद संपाचा, आणि तोही याच अमेननख्तच्या हातचा असल्याचे मानले जाते. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचे एकोणतिसावे वर्ष होते. कारागिरांचा पगार धान्यात मिळत असे आणि ते धान्य वेळेवर येईना. तेव्हा सर्वांनी काम टाकले, स्मशानभूमीच्या चौक्या ओलांडल्या आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. महिन्याचे अठरा दिवस उलटून गेले आणि आम्ही उपाशी आहोत, असे त्यांचे म्हणणे लेखनिकाने नोंदवले आहे. पुढे ते दुसऱ्या रामसेसच्या मंदिरात शिरले. तेथे अधिकाऱ्यांपुढे त्यांनी मांडलेली तक्रारही जशीच्या तशी आहे : भूक आणि तहान यांनी आम्हाला येथे आणले, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, राजाला कळवा. इतिहासात नोंदवला गेलेला हा पहिला संप मानला जातो. गिरणी संपाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांनी ही ओळ सावकाश वाचावी.

सगळे कागद नेहमी मांडलेले असतातच असे नाही, कारण पपायरसाला प्रकाश सोसत नाही. ज्यांना एखादा विशिष्ट कागदच पाहायचा आहे त्यांनी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आधी पाहून निघावे.

कवठीचाफा

माहिती उत्तम आहे, पण वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहते. द्रोवेत्तीला 'संग्राहक' म्हणणे हा सौम्यपणाचा कळस आहे. वकिलातीचे संरक्षण, पाशाची परवानगी आणि भाडोत्री माणसे यांच्या जोरावर त्याने मंदिरे आणि थडगी उपसली आणि माल युरोपच्या राजांना विकला. तुरिनला विकून झाल्यावर दुसरा संग्रह पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला गेला, तिसरा बर्लिनला. ज्यांचा वारसा त्यांना त्यात काडीचा अधिकार नव्हता. आपण कोहिनूरबद्दल बोलताना जी भाषा वापरतो तीच येथेही वापरायला हवी की नको? थडग्यातून काढलेली स्त्री, तिचा टोप आणि तिच्या नवऱ्याची अंतर्वस्त्रे काचेमागे ठेवून त्यांवर 'मुलांना मजा येईल' असे लिहिणे मला तरी पटत नाही.

जुनी वही

कवठीचाफा, आपल्या संतापाचा अर्धा भाग रास्त आहे, परंतु द्रोवेत्ती आणि स्कियापारेल्ली यांना एका मापाने मोजू नये. द्रोवेत्तीच्या काळात इजिप्तमध्ये पुराणवस्तूंसंबंधी कायदा असा नव्हताच, आणि पाशाला त्या दगडांपेक्षा कारखाने आणि तोफा हव्या होत्या. स्कियापारेल्लीने मात्र कैरोच्या पुराणवस्तू खात्याकडून रीतसर परवाना घेऊन खणले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे सापडलेल्या वस्तूंची वाटणी होई : काही कैरोत राहत, काही खणणाऱ्या संस्थेकडे जात. खाचे थडगे उघडताना इजिप्तच्या खात्याचा निरीक्षक आर्थर वाइगॉल स्वतः हजर होता. पुढे १९२२ मध्ये तुतनखामेनचे थडगे सापडल्यावर ही वाटणी आक्रसत गेली आणि १९८३ च्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापारही पूर्ण बंद झाला. ते खातेही फ्रेंच माणसांच्या हातात होते आणि देश ब्रिटिशांच्या ताब्यात, हा मुद्दा आपण काढालच. तो मला मान्य आहे. तरीही परवाना आणि लूट यांत फरक करावा लागतो.

आणि तेथेच एक वस्तू अशी आहे जी कोणी उचलून आणली नाही, इजिप्तने स्वतः दिली. अस्वानच्या मोठ्या धरणामुळे इजिप्तच्या दक्षिणेकडील नुबियातील मंदिरे पाण्याखाली जाणार होती, तेव्हा त्यांना वाचवण्याच्या कामात मदत केलेल्या देशांना इजिप्त सरकारने काही छोटी मंदिरे भेट दिली. तिसऱ्या थुतमोसने खडकात कोरवलेले एल्लेसियाचे मंदिर त्यांतलेच. त्याचे दगड कापून, जहाजाने आणून, तुरिनमध्ये पुन्हा जुळवले आणि १९७० पासून ते तेथे पाहता येते. आत शिरल्यावर खोली अगदी लहान वाटते. नुबियात असताना पुढच्या काळात ते चर्च म्हणूनही वापरात होते. त्याच धरणामुळे हलवलेल्या अबू सिंबेलच्या मंदिरांचे भव्य स्थलांतर सर्वांना माहीत असते, हे कोणाला माहीत नसते.

बडोदेकर

मृतदेहांच्या प्रदर्शनाबद्दल कवठीचाफा यांनी लिहिले, त्यावरून आमच्या गावची गोष्ट आठवली. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीरावांच्या काळात आणलेली इजिप्शियन ममी आहे आणि शाळेच्या सहलीत ती पाहिली नाही असा आमच्या पिढीचा माणूस विरळा. कोलकात्यात, हैदराबादेत आणि जयपूरलाही ममी आहेत. जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये २०२० च्या ऑगस्टमधील पावसाचे पाणी शिरले तेव्हा काच फोडून ममीची पेटी वर काढावी लागली. लहानपणी आम्हाला त्यात फक्त भीती आणि कुतूहल होते. ती बाई कोण, तिचे नाव काय, हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. म्हणून विचारतो, तुरिनमध्ये या बाबतीत काय वेगळे केले आहे?

आडवाट

बडोदेकर, वेगळे आहे ते असे, की खा आणि मेरित यांच्या ममी आजवर कधीही उलगडलेल्या नाहीत. स्कियापारेल्लीने त्या गुंडाळलेल्याच ठेवल्या आणि नंतरच्या लोकांनी तो निर्णय पाळला. जे कळले ते क्ष-किरण आणि सीटी स्कॅनमधून : पट्ट्यांखाली खाच्या गळ्यात राजाने बहाल केलेला सोन्याच्या मण्यांचा हार आहे आणि कानांत कुंडले आहेत, मेरितच्या अंगावरही दागिने आहेत. म्हणजे सोने आहेच, फक्त ते कोणी बाहेर काढलेले नाही. थडग्यातील कित्येक घडेही बंदच आहेत. अलीकडे संशोधकांनी ते न उघडता बंद पिशव्यांत ठेवले, त्यांतून सुटणारे वायू तपासले आणि आत मेण होते की सुकी मासळी याचा अंदाज बांधला. कवठीचाफा यांना मुलांबद्दलचे माझे वाक्य खटकले हे समजू शकतो, तरी मुलांनी नावे विचारावीत अशा रीतीने येथे ती लिहिली आहेत, एवढे मी सांगेन.

वरच्या मजल्यावर राजवंशांच्याही आधीचा, ख्रिस्तपूर्व ३६०० च्या सुमाराचा, गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजलेला पुरुष आहे. वाळूच्या उष्णतेने तो आपोआप सुकला असावा असे पुष्कळ वर्षे समजत होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्याच्या पट्ट्यांवर वनस्पतीचे तेल, सुगंधी वनस्पतींचा अर्क, डिंक आणि तापवलेली पाइनवर्गीय राळ सापडली. पुढे पिरॅमिडांच्या काळात आणि नंतरही जे मिश्रण वापरात आले, त्याचीच ही पूर्वपिठिका. त्याचे नाव मात्र आपल्याला कळण्याचा मार्ग नाही, कारण तेव्हा लेखनच नव्हते.

पडवी

गेली काही वर्षे तुरिनमध्ये राहते आहे, म्हणून राजांच्या दालनाबद्दल लिहिते. २००६ मध्ये चित्रपटांचे कलादिग्दर्शक दान्ते फेर्रेत्ती यांनी ते दालन काळोखे केले होते : काळ्या-लाल भिंती, पुतळ्यांवर झोत, आरशांतली प्रतिबिंबे. २०२४ मध्ये द्विशताब्दीच्या निमित्ताने ओएमए या वास्तुरचना संस्थेने ते पूर्ण बदलले. बंद केलेल्या जुन्या खिडक्या उघडल्या, दिवसाचा उजेड आत घेतला, भिंतींना ॲल्युमिनियमचा मुलामा आला आणि पुतळे मंदिरात जसे ओळीने उभे असत तसे मांडले. इकडच्या लोकांत यावरून दोन तट आहेत. मला स्वतःला जुन्या काळोखाची आठवण येते, तरी नवे दालन अधिक प्रामाणिक आहे हे कबूल करावे लागते. सेख्मेत देवीच्या सिंहमुखी मूर्ती मंदिराच्या उघड्या अंगणात, भर उन्हात बसवलेल्या असत. त्यांना नाट्यगृहातला प्रकाश देणे ही आपली हौस होती. आता दगडावरचे हत्याराचे घाव दिसतात, डागडुजी दिसते आणि दुसऱ्या सेतीचा पाच मीटरहून उंच पुतळा खरेच किती उंच आहे ते कळते. सकाळी लवकर गेल्यास गर्दी वर असते आणि हे दालन रिकामे मिळते. क्रम मोडण्याचे तेवढे एक कारण मला पटते.

वाळूघड्याळ

सर्वांचे आभार. मोडीवाचक, संपाच्या कागदाचे संपूर्ण भाषांतर कुठे वाचायला मिळते का? आणि संपाचा शेवट काय झाला?

मोडीवाचक

इंग्रजीत भाषांतरे झाली आहेत आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहज मिळतील. शेवटाचे म्हणाल तर थकलेले काही धान्य मिळाले आणि कामगार परतले, पण पुढचा हप्ता पुन्हा रखडला आणि ते पुन्हा बाहेर पडले. वजीर 'ता' याने निरोप पाठवला तो असा, की तुमचे धान्य मी नेलेले नाही आणि कोठारातच काही नसले तरी जे सापडले ते देतो. त्यानंतरच्या काळातही या गावात पगारावरून काम थांबल्याच्या नोंदी आहेत.